बिली द किडचा उजवा हात

अमेरिकेच्या पश्चिमेतला कुप्रसिद्ध गुन्हेगार बिली द किड डावखुरा होता हा समज मुळातच चुकीचा, पण वेस्टर्न सिनेमाने तो घट्ट रुजवला. पॉल न्यूमन ज्यात बिली झाला त्या 1958 च्या सिनेमाचं तर नावच ‘द लेफ्ट हँडेड गन’. सगळा घोळ झाला तो 1880 च्या सुमारास काढलेल्या एका फोटोमुळे.

तो फोटो टिनटाइप पद्धतीचा आहे. काळं रोगण दिलेल्या पातळ लोखंडी पत्र्यावर कोलोडियनचा थर द्यायचा, तो चांदीच्या क्षारात बुडवायचा आणि ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा. निगेटिव्ह नसतेच, पत्रा हाच फोटो. त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं आणि बिलीचं रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेला दिसतं.

हे घरबसल्या पडताळता येतं. फोटोत दस्ता जमिनीला टेकवून त्याने 1873 च्या मॉडेलची विंचेस्टर रायफल धरलीय. या बंदुकीत काडतुसं भरायचं झाकण उजव्या अंगाला असतं. मूळ फोटोत ते डाव्या अंगाला दिसतं. तशी बंदूक कारखान्याने बनवलेलीच नाही! फोटो आडवा उलटवा: झाकण जागेवर येतं आणि रिव्हॉल्व्हर उजव्या कमरेला.

बंदुकीवरून सिनेमाही तपासता येतो. 1870–80 च्या गोष्टीत हिरोच्या हाती पुष्कळदा 1892 ची विंचेस्टर असते. 1873 च्या बंदुकीच्या कुशीला स्क्रूने बसवलेली वेगळी पट्टी असते आणि वर सरकतं झाकण. 1892 ची कूस सपाट, अखंड. स्टुडिओंना तीच सोयीची, कारण ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं एकच खोटं काडतूस त्या रायफलीतही चालायचं आणि कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्येही.

वयाचं गणित तर सर्रास चुकतं. बिली मेला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. पडद्यावरचे बिली मात्र असे: न्यूमन तेहेतीस, 1973 च्या सिनेमातला क्रिस क्रिस्टोफरसन छत्तीस. ही चूक मला बंदुकीच्या चुकीपेक्षा जास्त खटकते, कारण पोरसवदा बिलीची गोष्ट अशाने थोराड माणसाची होऊन बसते.

आणि धूर. त्या काळी काडतुसात काळी दारू असायची. बंद खोलीत दोन गोळ्या उडाल्या की दाट पांढरा धूर कोंडून राही. पडद्यावर मात्र शेवटची गोळी सुटेपर्यंत सगळं लख्ख. 14 जुलै 1881 च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला, बिलीच्या ओळखीच्या पीट मॅक्सवेलच्या अंधाऱ्या खोलीत, बिलीच्या मागावरचा शेरीफ पॅट गॅरेट पलंगाशी बसला होता. बिली आत आला आणि अंधारात कुणीतरी आहे असं वाटून स्पॅनिशमध्ये विचारलं, “किएन एस?” कोण आहे? गॅरेटने दोन गोळ्या झाडल्या आणि बाहेर धाव घेतली. पहिली गोळी छातीत बसली, दुसरी वाया गेली. बिली खरंच मेलाय का, हे लगेच आत जाऊन बघायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी मॅक्सवेलने बाहेरून खिडकीत मेणबत्ती ठेवली, तेव्हा जमिनीवर पडलेला बिली दिसला.