साऊंड घ्यावा का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

खेड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पंच आणि तरुण संघातली मुलं मला हे नेहमी विचारतात: "शहरातल्यासारखी उपासना केली, मोठा साऊंड, की-बोर्ड, फोनवर लाईव्ह, तर तरुण टिकतील का? गावातही आपली किंमत राहील." हे दुसरं वाक्य हळू आवाजात येतं, पण खरी कळ तिथेच आहे. अख्ख्या गावात दहा-बारा घरं ख्रिस्ती असली की चार लोकांनी मान द्यावा असं वाटणारच. त्यात पाप नाही. मात्र ती भूक उपासनेत भागवायला गेलं की उपासना तिच्याच तालावर चालू लागते.

साऊंडआधी मिनिटांचा हिशेब करा. येत्या रविवारी एकाने मागे बसून लिहावं: दीड तासात स्वागत, सत्कार, सूचना, 'स्पेशल' गाणी आणि माईकची खटपट यांत किती वेळ गेला; शास्त्रवाचन, प्रार्थना आणि संदेशाला किती उरला. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या ५व्या अध्यायात बाळांचं दूध आणि प्रौढांचं जड अन्न यांतला फरक सांगितलाय. प्रौढ कोण, तर ज्यांना बऱ्यावाइटाची पारख करण्याचा सराव झालाय ते. सरावाला वेळ लागतो, आणि तुमच्या वहीत दिसेल की तो वेळ आधीच वाटला गेलाय.

आता साऊंड. चाळीस-पन्नास माणसं, वीस बाय तीस फुटांची खोली, वर टिन. इथे माईक लागतच नाही. मोठा बॉक्स लावला की आवाज टिनावर आणि उघड्या भिंतींवर आपटून परत येतो, शब्द एकमेकांत मिसळतात, आणि मागच्या आजीला ठोका ऐकू जातो, वचन कळत नाही. बॉक्स माईकच्या मागे ठेवला तर शिट्टी वाजते. घ्यायचाच असेल तर एकच लहान बॉक्स घ्या. तो माईकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवा. मागच्या भिंतीला जाड सतरंजी टांगली तर घुमणं बरंच कमी होतं.

त्याहून मोठी चूक पट्टीची. फोनवरचं गाणं जसंच्या तसं उचललं की त्या गायकाची पट्टीही येते. त्याचा गळा तयार असतो. आठवडाभर निंदण केलेल्या बाईचा गळा सकाळी तिथे पोचत नाही. ती गप्प होते, मग तिची शेजारीण. म्हणून गाण्यातला सगळ्यात उंच सूर आधी शोधा आणि तो सगळ्यांना न ओरडता लागेपर्यंत हार्मोनियमवर एकेक पट्टी खाली या. दुसऱ्या कडव्याला सगळी वाद्यं थांबवून पाहा. आवाज विझला तर मंडळी गात नव्हती, ऐकत होती. नवं गाणं महिन्याला एकच असावं: पहिल्या रविवारी शब्द वाचून अर्थ सांगा आणि फक्त ध्रुवपद गा, कडवी पुढच्या तीन रविवारी. समजून बोललेले पाच शब्द न कळणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे, असं प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहितो. त्या पत्राचा चौदावा अध्याय तुमच्या गाणाऱ्या मुलांसोबत बसून वाचा.

भजन-खंजिरीची आपल्या मुलांना लाज वाटते, याचं मला फार वाईट वाटतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनांतून ख्रिस्त मराठी माणसाच्या ओठांवर आणला. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. अक्षर न येणाराही त्यात मागे राहत नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकलेल्या आपल्या मुलखाला हे शिकवावं लागू नये.

सोयाबीन-कापूस घरात आला की हंगामाचा सण येतो आणि मानाची भूक सगळ्यात उघडी तिथे पडते. अर्पणात आलेल्या मालाच्या लिलावात बोली मालावरून नाही, प्रतिष्ठेवरून चढते. देणाऱ्यांची नावं माईकवर वाचली जातात आणि पायलीभर ज्वारी आणलेली विधवा मान खाली घालते. मत्तयाच्या ६व्या अध्यायात येशूने नेमकं हेच मना केलंय. लिलाव उपासना संपल्यावर, बाहेर, बाजारभावाच्या आसपास ठेवा. अर्पण बंद कापडी पिशवीत घ्या, दोघांनी मिळून मोजावं, फलकावर फक्त एकूण जमा आणि खर्च लिहावा. काही देणारे रुसतील, पहिल्या वर्षी अर्पण घटूही शकतं. घाबरून पुन्हा नावं वाचू नका. नाताळात पुढारी आले तर लोकांमध्ये बसवा, नंतर चहा-फराळ द्या. मध्येच भाषण नको.

लाईव्हही नको, समोर फोन असला की गाणारा फोनकडे वळतो. वेचणीला गेलेल्यांसाठी संदेशाचा ऑडिओ संध्याकाळी पाठवा. तरुणांना टिकवायचं तर काम द्या: शास्त्रभाग बुधवारीच हातात द्या, घरी तीनदा मोठ्याने वाचायला सांगा, अर्थ विचारा.

आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्याची सूचना आठवडाभर आधी द्या. त्या आठवड्यात मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) किंवा पाण्यावरून बोलणं तुटलेल्या घरांत जावं, कारण वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट कर, असं वचन आहे. धुरा कोणाचा हे वडीलधाऱ्यांनी ठरवू नये, मोजणी सरकारी माणूस करेल. त्यांनी दोघांना एका बाजेवर बसवावं, एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायला लावावी, आणि पहिल्या खेपेला जमलं नाही तर शनिवारी पुन्हा जावं.