जॅकेटची चेन

धार ओलांडून आम्ही दोघं उतरायला लागलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सकाळपासून भुरभुर पाऊस आणि अंगात शिरणारा वारा. वाटेकडेच्या दगडावर पन्नाशीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. "काका, बरं वाटत नाहीये का?" विचारलं, तर म्हणाले, "ठीक आहे मी, तुम्ही व्हा पुढे." आणि आम्ही खरंच पुढे झालो.

दहा-बारा पावलांवर मी सहज मागे वळून पाहिलं. काका जॅकेटची चेन लावत होते. खालचं टोक खाचेत बसवायचं, निसटायचं, पुन्हा बसवायचं. पाच-सहा वेळा. बोटं त्यांचं ऐकतच नव्हती. आम्ही उलटे फिरलो.

शरीराच्या आतलं तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात. त्यात बोटांची बारीक कामं लवकर बिघडतात, जीभ अडखळते. बर्फच लागतो असं नाही, ओले कपडे आणि वारा पुरतो. काकांच्या अंगातला सुती टी-शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. ते कुडकुडत होते, याचंच मला हायसं वाटलं. स्थिती आणखी खालावली की कुडकुडणं थांबतं, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस सावरला.

त्यांना धरून मोठ्या खडकाच्या आडोशाला नेलं. आधी खाली कॅरीमॅट घातली, कारण ओली जमीन अंगातली ऊब सतत ओढत राहते. ओला शर्ट काढून माझ्याकडचे कोरडे कपडे, कानटोपी, वरून पोंचो. मित्र त्यांचे हातपाय जोरात चोळायला लागला, त्याला थांबवलं. ऊब आधी छाती-पोटाला हवी. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून त्यांच्या काखेत दिली. नीट गिळता येतंय याची खात्री केली, मगच थर्मासमधलं साखरेचं गरम पाणी घोट घोट पाजलं.

सगळ्यात कठीण होतं त्यांचं मन वळवणं. मध्येच उठायचे, माथा गाठायचाच म्हणायचे, चिडायचे. तो हट्ट त्यांचा नव्हता, थंडीचा होता. हे ठाऊक असूनही माझा आवाज एकदा चढलाच, त्याचं अजून वाईट वाटतं.

फोनला रेंज नव्हती. मित्राने शिट्टी काढून डोंगरात मदत मागायची खूण वाजवली: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. चौथ्या फेरीनंतर खालून तीन शिट्ट्या आल्या. तुमची खूण ऐकू आली, असं ते उत्तर. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खालून दोघं वर पोचेपर्यंत काकांचं बोलणं सुटं झालं होतं. निघण्याआधी मी त्यांना चेन लावायला सांगितली. वेळ लागला, पण लागली. नसती लागली तर त्यांना चालवलंच नसतं, दोघांना मदत आणायला खाली धाडलं असतं.

पुढे एक, मागे एक, मध्ये काका, आणि चाल त्यांची. अंधार पडला, हेडटॉर्च लावले. रस्त्याला लागल्यावर काका म्हणाले, "बरं झालं, मी तुम्हाला हाक मारली."

त्यांनी हाक मारलीच नव्हती. मी फक्त मान डोलावली.