एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स मिंट : खानापुरातला माझा अनुभव

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरला तहसीलदार कचेरीपासून जवळच माझे टायपिंगचे दुकान आहे. कचेरीत द्यायचे अर्ज कन्नडमध्ये करून द्यावे लागतात, आणि तीच माणसे लग्नपत्रिका, मंडळाच्या पावत्या आणि उत्तरकार्याच्या पत्रिका मराठीत करून घ्यायला येतात. कन्नडसाठी नुडी आणि मराठीसाठी श्रीलिपी ही दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर मी वर्षानुवर्षे विंडोजवर वापरत आले आहे. माझ्या जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना कळणाऱ्या सामाईक मांडणीत, नसून त्या-त्या फॉन्टच्या स्वतःच्या सांकेतिक मांडणीत आहेत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची गर्दी दिसते. विंडोज काढून टाकणे म्हणूनच शक्य नव्हते.

मात्र माझा लॅपटॉप २०१७ सालचा, सातव्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा आहे. विंडोज ११ साठी लागणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत तो बसत नाही, आणि विंडोज १० ला नियमित सुरक्षा-सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. लोक माझ्यासमोर आधार क्रमांक आणि जमिनीचे उतारे ठेवतात. अशा संगणकावरून त्यांचे ऑनलाइन काम करणे मला पटेना. विंडोज जुन्या फायलींपुरते, इंटरनेटशिवाय ठेवायचे आणि बाकी सगळे लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर न्यायचे, असे मी ठरवले. बेळगावला एका दुकानात हेच काम पूर्वी करायला दिले होते, तेव्हा त्यांनी न विचारता संपूर्ण डिस्क पुसली होती. म्हणून या वेळी मी स्वतःच बसले.

माझा मामेभाऊ फोनवर एवढेच म्हणाला, “अक्का, आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर घे, मगच हात लाव.” ते मी केले, आणि बाहेरच्या डिस्कवरच्या पाच-सहा जुन्या फायली उघडून नीट उतरल्याची खात्रीही करून घेतली. त्यानंतर लिनक्सचाच एक प्रकार असलेले लिनक्स मिंट २२ उतरवून पेनड्राइव्हवर चढवले. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला धक्का लागत नाही. प्रिंटर, वायफाय आणि कीबोर्ड मी तेव्हाच तपासले.

खरा वेळ गेला तो डिस्कवर जागा करण्यात. मला दीडशे जीबी हवे होते, पण विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट जेमतेम ३८ जीबी सोडायला तयार होते, आणि डिस्क तर अर्धी रिकामी होती. कारण असे की हायबरनेशनची (संगणक झोपवताना चालू काम डिस्कवर साठवणारी) आणि पेजिंगची (मेमरी अपुरी पडली की वापरायची) फाइल विंडोज चालू असताना जागची हलत नाही, आणि ती मध्येच बसली असेल तर तिच्या अलीकडे भाग लहान करता येत नाही. हायबरनेशन बंद केले, पेजिंग फाइल तात्पुरती काढली, डीफ्रॅगमेंट करून विखुरलेल्या फायली एकत्र आणल्या आणि संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा हवी तेवढी जागा मिळाली. हायबरनेशन मी नंतरही बंदच ठेवले, कारण त्याबरोबर फास्ट स्टार्टअप ही विंडोज झटपट सुरू करणारी सोयही बंद होते. ते चालू असेल तर विंडोज पुरते बंद होत नाही आणि त्या भागात लिनक्सला लिहिता येत नाही. पेजिंग फाइल मात्र काम झाल्यावर आठवणीने परत चालू केली.

प्रत्यक्ष मिंट बसवायला अर्धा तास पुरला. त्यातली एकच पायरी मी तीनदा वाचली. डिस्कच्या तक्त्यात सुमारे शंभर एमबीचा एक चिमुकला ईएफआय भाग दिसतो. दोन्ही यंत्रणा सुरू करणाऱ्या फायली त्यातच राहतात. तो वापरायचा, पण त्याच्यासमोरच्या ‘फॉरमॅट’च्या चौकटीत खूण करायची नाही. खूण केली असती तर विंडोज सुरूच झाले नसते.

संगणक पुन्हा सुरू केला आणि थेट विंडोज उघडले. विंडोज की मिंट, अशी निवडीची यादी आलीच नाही. मी घाबरले, पण मिंट गेले नव्हते. लॅपटॉप सुरू होताना आधी काय उघडायचे हे ठरवणाऱ्या बूट-क्रमात विंडोज वर राहिले होते. त्या क्रमात मी ‘मिंट’ हे नाव शोधत राहिले आणि ते कुठेच सापडेना. मिंट हे उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर आधारलेले असल्यामुळे तिथे ‘उबुंटू’ या नावाने नोंदलेले असते, हे उमगायला वेळ लागला. ती नोंद वर घेतली आणि दोन्ही नावांची यादी दिसू लागली. दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये सकाळी दहा वाजता घड्याळ साडेचार दाखवू लागले. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक समजते, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) एक आज्ञा देऊन लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितले आणि तो प्रश्न मिटला.

ज्याची मला सर्वांत जास्त काळजी होती, तो कीबोर्ड मात्र आनंद देऊन गेला. नुडीवर माझी बोटे बसली आहेत ती कगप मांडणीवर. हे नाव कन्नड गणक परिषदेच्या आद्याक्षरांवरून आले आहे. मिंटच्या कीबोर्डांच्या यादीत ही मांडणी कन्नडबरोबरच मराठीसाठीही आहे. ‘के’ दाबला की क, शिफ्टसह ख. ‘एल’ दाबला की ल, शिफ्टसह ळ. कन्नड अर्जासाठी घडलेली बोटे तशीच ठेवून मी पहिल्या दिवशी ‘बेळगाव’ टंकित केले आणि ते युनिकोडमध्ये, कुठल्याही फोनवर वाचता येईल असे उमटले. आता नव्या लग्नपत्रिका आणि नवे अर्ज मिंटवरच होतात. कोणी जुन्या पत्रिकेची प्रत मागितली की यादीतून विंडोज निवडते, फाइल छापून देते आणि परत मिंटमध्ये येते.