पहिली आणि चौथी एका खोलीत: जोडवर्गाचा माझा अनुभव

आटपाडी तालुक्यात एका वाडीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. वर्ग चार, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि आमचा पट त्याच्या बराच अलीकडं थांबतो. त्यामुळं जोडवर्ग, म्हणजे एका शिक्षकानं दोन वर्ग एकत्र घेणं, इथं कायमचा. दोघांपैकी सर मुख्याध्यापक. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, केंद्रावरच्या बैठका त्यांच्याकडं. मी बदलून आले तेव्हा पहिली-दुसरी एकाकडं आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडं, अशी नेहमीची वाटणी होती. मी सरांकडं पहिली आणि चौथी मागितली.

सर विचारात पडले. शेजारचे वर्ग एकत्र असले की बराचसा पाठ दोघांना मिळून घेता येतो, पहिली-चौथीत तसं काहीच जुळत नाही, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मला चौथीची काळजी लागली होती. सुरुवातीला एकेकाला जवळ बसवून वाचायला दिलं, तेव्हा निम्मी मुलं अक्षर अक्षर जुळवत होती आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरत होती. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल समजून वाचेल आणि पायाभूत गणित करील, हे त्याचं उद्दिष्ट. आमची ही मुलं तिसरी ओलांडून आली होती. त्यांना पहिलीचं पुस्तक दिलं की मान खाली जायची. तेच पुस्तक लहान मुलांना वाचून दाखवायचं म्हणून हातात दिलं तर? त्यासाठी खोलीत पहिलीची मुलं असायला हवी होती. सरांना हे सांगितलं आणि ते तयार झाले.

पालकांना पटायला वेळ लागला. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका आईनं सरळ विचारलं, "बाई, आमची पोरं शिकाय येत्यात का दुसऱ्याची सांभाळाय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "ताई, दिवाळीपर्यंत बघा. रोज घरी त्याच्याकडनं पानभर वाचून घ्या. फरक दिसला नाही तर मी वाटणी बदलते."

जोडवर्गात एका वर्गाशी बोलताना दुसऱ्याच्या हाताला काय द्यायचं, यावर सगळा दिवस अवलंबून असतो. 'धडा उतरवून काढा' म्हटलं की खोली शांत होते, पण त्या शांततेत कुणी काही शिकत नाही. म्हणून कुठलाही उपक्रम घेण्याआधी मी दोन गोष्टी तपासते. मला न विचारता मुलांना तो सुरू करता येतो का, आणि बरोबर आलं की चुकलं हे त्यांचं त्यांना कळतं का. दुसरी गोष्ट जमली नाही तर दर दोन मिनिटांनी कुणीतरी वही घेऊन माझ्यापुढं उभं राहतं आणि दोन्ही वर्गांचा पाठ मोडतो. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाच्या) शाळा तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं नावारूपाला आल्या, तेव्हा जमिनीवर आखलेल्या तिथल्या आकृत्यांची नक्कल खूप ठिकाणी झाली. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की मूल जमिनीवर बसून स्वतः त्या वापरतं. भिंतीवर उंच लावलेला सुंदर तक्ता मुलाच्या हाताला लागत नाही, म्हणून तो पहिलीला फारसा उपयोगाचा नाही.

पहिलीत सगळ्यात जास्त चाललं ते चिंचोक्यांचं. चिंचोका उभा फोडला की दोन डाळी होतात, आतून पांढऱ्या, बाहेरून तपकिरी. प्रत्येक जोडीला दहा डाळी द्यायच्या. ओंजळीत खुळखुळवून जमिनीवर टाकायच्या, पांढऱ्या किती, तपकिरी किती ते मोजायचं आणि पाटीवर लिहायचं. ७ आणि ३. पुन्हा टाकल्या, ४ आणि ६. दोन्ही मिळून दहा झाले नाहीत तर मोजण्यात काहीतरी चुकलं, हे सांगायला मी लागत नाही. एकदा मी चौथीचा उतारा घेत होते आणि मागून आवाज आला, "बाई, ह्येचं धा हुईनात!" जोडीदार चटई उचलून खाली बघत होता. मुलीनं तोवर पाटीवर ५ आणि ४ लिहिलं होतं आणि ती त्याला सांगत होती, "येकच शोध. येकच हरवलाय." वजाबाकी अजून शिकवायची होती. पुढं याच डाळींवर हात झाकायचा खेळ केला: दहातल्या सहा दिसतात, हाताखाली किती? दहाच्या जोड्या अशा पक्क्या झाल्या की ८ अधिक ५ करताना मूल आधी दोन घेऊन दहा करतं आणि उरलेले तीन त्यात मिळवतं. बोटं मोजावी लागत नाहीत.

वाचनासाठी 'क, ख, ग' असा वर्णमालेचा क्रम मी धरत नाही. त्या क्रमानं गेलं तर ङ आणि ञ यांच्यापर्यंत पोचूनही मुलाला एक धड वाक्य वाचता येत नाही. आधी क, म, ल, र, आ आणि काना एवढंच घेते. तेवढ्यात लाल, मका, काका, मामा, मला, कमाल, राम असे कितीतरी शब्द होतात. पुठ्ठ्याच्या चौकोनांवर अक्षरं लिहून ती जोडीला दिली की मुलं शब्द बनवत राहतात. खरा शब्द झाला की नाही हे ती उच्चारून ठरवतात आणि तिथं भांडणंही होतात. 'मारक' हा शब्द आहे का, यावर एकदा चौथीच्या मुलांना न्यायाला बोलावलं होतं. आणि एक दिवस एका मुलानं चौकोन ओळीनं मांडून मला ओढत नेलं: 'मामा काल आला'. त्याचे मामा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात तमिळनाडूत असतात आणि ते आदल्या दिवशी खरंच आले होते. त्याच्या लेखी ते वाचन नव्हतं, बातमी होती.

आता चौथी. आठवड्यातून एकदा चौथीचं प्रत्येक मूल पहिलीच्या एका मुलाला गोष्ट वाचून दाखवतं. आम्ही याला वाचनजोडी म्हणतो. त्याआधीचे दिवस तयारीचे: पुस्तक निवडायचं, मनात वाचायचं, मला वाचून दाखवायचं, अडलेले शब्द वहीत घ्यायचे, घरी मोठ्यानं वाचायचं. अटी दोन. चित्र पहिलीच्या मुलाला दिसेल असं पुस्तक धरायचं आणि पान उलटायच्या आधी 'आता काय होईल?' असं विचारायचं. ही दुसरी अट मला फार मोलाची वाटते, कारण पुढं काय होईल हे विचारणाऱ्याला आतापर्यंत काय झालं ते कळलेलं असावंच लागतं.

मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा एका सुरात, न थांबता वाचायचा. त्याच्या जोडीची मुलगी मध्येच म्हणाली, "पर त्यो का रडला?" तो थांबला. उत्तर त्यानं नुकत्याच वाचलेल्या ओळीत होतं, पण त्याला ते सापडेना. मग त्यानं बोट मागं नेलं, ती ओळ पुन्हा वाचली, स्वल्पविरामाला थांबला आणि म्हणाला, "आई गावाला गेली म्हणून." मागं जाऊन पुन्हा वाचायचं असतं हे मी त्याला कितीदा सांगितलं होतं. ऐकणाऱ्या मुलीला खरोखर उत्तर हवं होतं, त्यानं ते घडलं. दिवाळीच्या आधी हीच मुलं चौथीच्या पुस्तकातले उतारे अर्थाच्या जागी थांबत वाचू लागली. सगळी नाही. दोघांना वेगळा वेळ द्यावा लागला, त्यातल्या एकाला चष्मा लागला. सभेत प्रश्न विचारणाऱ्या ताई दिवाळीनंतर शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, धाकटीला बी ह्याच्याच जोडीला द्या."

चौथीच्या गणितात मला सर्वांत जास्त आनंद दिला तो एका आज्जानं. परिसर अभ्यासासाठी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांची मुलाखत घ्यायची होती. एका आज्जानं आपली मेंढरं 'तीन इसा आन् सात' असल्याचं सांगितलं आणि मुलांनी वहीत तसंच उतरवलं. वर्गात आल्यावर प्रश्न: म्हणजे किती? विसाचा गट म्हणजे इसा, हे घरी विचारून कळलं होतं. तीन विसा साठ आणि सात, सदुसष्ट. मग सगळ्यांना भूक सुटली. ४५ म्हणजे दोन इसा पाच. पाच इसा म्हणजे शंभर. ९९ म्हणजे चार इसा एकोणीस. जो भागाकार मी पुढच्या महिन्यात घ्यायचा ठरवला होता, तो मुलं बाकीसकट तोंडी करत होती.

याच ओघात संख्यानामांचा जुना घोळ हाताळला. 'एकोणसाठ' सांगितलं की मूल साठ ऐकतं आणि ६९ लिहितं. 'सत्तावीस'चे ७२ करतं, कारण आपण सुटे आधी बोलतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवते: 'पन्नास नऊ, एकोणसाठ'. एक मूल पहिलं बोलतं, दुसरं लगेच दुसरं. बाजारात आणि घरात एकोणसाठच लागतं, ते सोडून चालणार नाही. पण संख्या लिहिताना 'पन्नास नऊ' आधार देतं. या जोडीनं लिहिण्यातल्या उलटापालटी बऱ्याच कमी झाल्या.

दुकानाचा खेळ, रिकाम्या खोक्याची पत्रपेटी, डाळिंबाच्या क्रेटवरून वजनाची उदाहरणं हेही चालतं. पत्रपेटीबद्दल एवढंच सांगते की शिक्षकानं प्रत्येक पत्राला उत्तर लिहायला हवं, नाहीतर ती महिनाभरात रिकामी पडते.

दिवाळीनंतर काही घरं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. बरोबर जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड भरून देतो, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. त्याच्याबरोबर मी एक पिशवी देते: दहा डाळी, अक्षरांचे चौकोन, दोन गोष्टींची पुस्तकं. चौथीचं मूल जात असेल तर वाड्यावरच्या, म्हणजे मेंढरांच्या तळावरच्या, लहान भावंडांना वाचून दाखवायचं काम त्याच्याकडं. घरच्यांच्या फोनवर ते वाचन आवाजात पाठवतात, मी आवाजातच उत्तर देते. जूनमध्ये परत आलेली मुलं पूर्वीइतकी मागं पडलेली नसतात.

यंदा सरांनी दुसरी-तिसरीतही वाचनजोडी सुरू केली. तिथं वयाचं अंतर एकाच वर्षाचं, ऐकणारी मुलं स्वतःच वाचायला धावतात आणि वाचणाऱ्याचा धीर सुटतो. म्हणून तिसरीची जी मुलं अडखळतात त्यांना बुधवारी माझ्या खोलीत पहिलीकडं धाडायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे.