रॉकेट आणि कापूस

आमच्या घरात दिवाळीला रॉकेट येत नसे. मोठ्या मायचा तसा कायदाच होता. लिहिलेला नव्हता, कारण तिला लिहिता येत नव्हतं. पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती, माझ्या बापाचीसुद्धा.

कारण कापूस. दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी व्हायची, दिवाळीपर्यंत दुसरी. भाव चढेल या आशेवर माल विकायचा नाही, घरातच भरायचा. मधली खोली आढ्यापर्यंत पांढरी. आम्ही पोरं त्यात खड्डा करून झोपायचो, रात्रभर अंग खाजवायचो आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. अशा घरासमोर कुणी नुसती लवंगी माळ सोडवायला घेतली, तरी आतून आवाज यायचा, “आठे कापूस शे रे पोऱ्या, तठे जाय!” ‘तठे’ म्हणजे नदीकडे.

तिच्या कायद्याला पोटकलमंही होती. फुलझडी ओट्यावर चालेल, पण विझलेली काडी पाण्याच्या बादलीतच टाकायची. भुईचक्र अंगणात. झाड, म्हणजे अनार, लावायचं तर कडब्याच्या गंजीपासून लांब. टिकल्या उंबऱ्याबाहेर दगडाने ठेचायच्या. तो करपट वास बोटांना भाऊबीजेपर्यंत राहायचा. सुतळी बॉम्ब नदीच्या कोरड्या पात्रात. आणि रॉकेट कुठेच नाही, कारण रॉकेट आपलं ऐकत नाही. बाटलीत सरळ उभं केलं तरी ते कुणाच्या घराच्या धाब्यावर उतरेल याचा नेम नाही, आणि आमच्या गल्लीत कापूस नसलेलं घर शोधावं लागलं असतं.

सरकारचाही कायदा आहे आणि तोही जवळपास हेच सांगतो, हे मला पन्नाशीत कळलं. माझा एक शाळूसोबती दरवर्षी जळगावात फटाक्यांचा स्टॉल लावतो. परवान्याच्या कागदांसाठी एकदा मी त्याच्याबरोबर दिवसभर हिंडलो. पोलिसांचा दाखला, अग्निशमनचा दाखला, मग पुन्हा पहिल्या टेबलावर, कारण झेरॉक्सवर सही राहिली होती. मूळ कायदा इंग्रजांचा, १८८४ सालचा. नियम २००८ चे. तात्पुरत्या दुकानांसाठी त्यात लिहिलंय : शेड न पेटणाऱ्या साहित्याची हवी, दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, घरं-शाळांपासून ५० मीटर लांब, दुकानांची तोंडं समोरासमोर नकोत, एका जागी ५० पेक्षा जास्त दुकानं नकोत. दिवा उघडा नको, आणि बल्ब वायरीला लोंबकळता नको, भिंतीला नाहीतर छताला पक्का बसवलेला हवा.

हे शेवटचं वाचून मी मान वर केली. मित्राच्या डोक्यावर बल्ब लोंबकळत होता. झोके घेत होता. तो म्हणाला, “भो, तपासणीला येतात तेव्हा बांधतो ना वर.” मी म्हटलं, वाऱ्याला माहीत असतं का तपासणी कधी आहे? त्याने माझ्याकडे पाहिलं, स्टुलावर चढला आणि सुतळीने बल्ब वर बांधला. फटाक्याच्या दुकानात सुतळीला तोटा नाही.

खरेदीचा प्रकार तर निराळाच. खोक्यावर छापील किंमत असते ८००, आणि दुकानदार स्वतःहून २०० म्हणतो. तरीही १५० ला मागणारं गिऱ्हाईक आमच्या खानदेशातच भेटतं, आणि १६० ला घेऊन ‘महाग पडलं’ म्हणत जातं. छापील किंमत कुणासाठी असते, हे मला आजवर उलगडलेलं नाही. बहुधा आपल्याला आनंद व्हावा म्हणूनच ती छापत असतील.

परवा पुतण्या बरोबर होता. त्याने प्रत्येक खोक्यावरचा क्यूआर कोड मोबाईलने तपासायला घेतला. हिरवे फटाके म्हणजे हिरव्या रंगाचे नव्हेत, हे त्याने मला गर्दीत मोठ्याने समजावलं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने त्यांचं सूत्र बसवलंय, धूर नेहमीच्यापेक्षा साधारण ३० टक्के कमी. बेरियमचे क्षार तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंद केले, लांबलचक माळाही बंद, आणि ऑनलाइन विक्रीही. स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालयसुद्धा नागपुरातच आहे. माल शिवकाशीचा, धाक नागपूरचा, धूर आमचा. मागे उभ्या बाईने विचारलं, “याच्यात माळ नाही का?” मित्राने टेबलाखाली हात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि हात रिकामाच वर काढला. निदान मी असेपर्यंत तरी.

आवाजाचा नियम मला सगळ्यात आवडतो. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको. माळ असेल तर त्यातल्या फटाक्यांच्या संख्येचा लॉगॅरिदम काढायचा, त्याला पाचाने गुणायचं आणि तेवढे डेसिबल वजा करायचे. म्हणजे शंभराच्या माळेला १० कमी, हजाराच्या माळेला १५. दहावीला गणितात रडलेल्या माणसाने माळ पेटवूच नये, असा याचा साधा अर्थ. आणि ४ मीटर म्हणजे तेरा फूट. आमची गल्ली एवढी रुंद नव्हतीच. तेरा फुटांवर मोजायचं तर यंत्र समोरच्यांच्या मधल्या खोलीत, त्यांच्या कापसावर ठेवावं लागलं असतं.

रेल्वेची आठवण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एका दिवाळीत मामा फटाक्यांची पिशवी घेऊन पॅसेंजरने निघाले आणि भुसावळला जवानाने पिशवीवर काठी टेकवली. आत काय? मामा म्हणाले, चिवडा. रेल्वे कायद्याच्या १६४ कलमात गाडीतून फटाके नेण्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मामा पिशवी तिथेच सोडून उतरले आणि एसटीने आले. चिवडाही त्याच पिशवीत होता, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. मी पुढे कधीतरी त्या डब्याच्या गर्दीत उभं राहून पाहिलं, पायाशी बोचकी, दारात बिडी ओढणारे. तेव्हा तो जवान मला मोठ्या मायच्या नात्यातला वाटला.

तर परवाच्या त्या खरेदीत पुतण्याने पाच रॉकेटं घेतली. मी काही बोललो नाही. मोठी माय जाऊन वीस वर्षं झाली, घर आता स्लॅबचं आहे, म्हटलं बघू. गावी पोचलो तर दादा दारातच. पिशवीतून डोकावणाऱ्या काड्या पाहून म्हणाला, “हे कशाला आणलं?” दार ढकलून दाखवलं. भाव चढण्याची वाट पाहत कापूस नव्या हॉलमध्ये टीव्हीच्या वरपर्यंत भरलेला. सोफा अंगणात. मी रॉकेटं मुकाट्याने माळ्यावर ठेवली. फुलझड्या ओट्यावर झाल्या, काड्या बादलीत गेल्या, रात्री आठ ते दहाच्या आत सगळं आटोपलं.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा गेला असेल. रात्री पावणेअकराला दादाचा फोन. व्यापाऱ्याची गाडी आत्ता भरून गेली, घर मोकळं झालं. “सोडू का रे ती रॉकेटं?” मी म्हटलं, दादा, दहा वाजून गेले. तो म्हणाला, “बरं, मग तू ऐक फक्त,” आणि त्याने फोन उंच धरला असावा. सुईऽऽ करून चार गेली, मी मोजली.

पाचवं सादळलं होतं म्हणे.