सेंट आल्डहेल्म्स हेड : रडारच्या खड्याच्या शोधात

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं वर्थ मॅट्रॅव्हर्स हे गाव सहलीच्या यादीत सहसा नसतं. वेअरहॅमहून निघालेला रस्ता कॉर्फच्या पडक्या किल्ल्याखालून पर्बेकच्या टेकड्या चढतो आणि करड्या चुनखडीची घरं दिसू लागतात. भिंती दगडाच्या, छपरंही दगडाच्या फरश्यांची. साउदॅम्प्टनला राहणारा माझा मावसभाऊ सोबत होता. गाडी रेन्सकोम्बला लावली आणि समुद्रात घुसलेल्या सेंट आल्डहेल्म्स हेड या टोकाकडच्या वाटेनं चालू लागलो. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये मेंढ्या आणि माणसाला ढकलत नेणारा वारा.

मे १९४० ते मे १९४२ या काळात याच शेतांतल्या लाकडी झोपड्यांमध्ये ब्रिटनचं हवाई रडार घडत होतं. त्या संशोधन केंद्राला पुढे टेलिकम्युनिकेशन्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट हे नाव मिळालं. आज त्या झोपड्या नाहीत. टोकाशी स्मारक आहे: रडारच्या दोन थाळ्या एकमेकींत गुंफून केलेलं धातूचं शिल्प. २००१ साली सर बर्नार्ड लव्हेल यांनी त्याचं अनावरण केलं. ते स्वतः इथे काम केलेले.

रडार म्हटलं की लहरी निर्माण करणाऱ्या मॅग्नेट्रॉन या नळीचं कौतुक होतं, आणि ते व्हायलाच हवं. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तो चालवून दाखवला आणि दहा सेंटिमीटरच्या लहरी दमदार शक्तीनं सोडता येऊ लागल्या. पण सोडलेली लहर विमानावर आपटून परत येते तेव्हा तिच्यात जीव उरलेला नसतो. ती ऐकणार कोण? मी इथवर आलो तो या प्रश्नासाठी.

तेव्हाच्या रेडिओतले व्हॉल्व्ह, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, इथे हात टेकत. दहा सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला तीन अब्ज आंदोलनं. व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन एका पट्टीवरून दुसरीवर पोहोचेपर्यंत लहर उलटून गेलेली असे. त्यात भर म्हणजे त्या पट्ट्यांची धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता. सिग्नल तिच्यातूनच निसटायचा. यावर तोडगा निघाला तो जुन्या, अडगळीत गेलेल्या वस्तूत: खनिजाचा खडा आणि त्याला टोचलेली बारीक तार. टोक इतकं सूक्ष्म की धारिता जवळजवळ नाहीच. परत आलेली लहर आणि रडारमध्येच निर्माण केलेली दुसरी लहर या टोकाशी मिसळते, दोहोंच्या फरकाची कमी वारंवारता बाहेर पडते, आणि ती मोठी करणं मात्र व्हॉल्व्हना सहज जमतं.

हा खडा नवा नव्हता. धातूंच्या सल्फाइडांमधून वीज एका दिशेनं सहज, दुसरीकडून अडखळत जाते, हे फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्येच नोंदवलं होतं. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटर लहरींवर काम करताना गॅलेना या शिशाच्या खनिजाचा शोधक, म्हणजे लहरी ओळखणारा डिटेक्टर, बनवला. १९०१ मध्ये अर्ज केला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं. पुढे घरोघरी क्रिस्टल रेडिओ वाजले, मग व्हॉल्व्ह आले आणि खडा मागे पडला. अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या साउथवर्थ यांचे व्हॉल्व्ह असेच अडले, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या जुन्या रेडिओ सामानाच्या बाजारात जाऊन असे शोधक विकत घेऊन आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे जुने पार्ट चाळण्यात ज्यांची सुट्टी गेली आहे त्यांना हे वाचून काय वाटेल ते मी जाणतो.

वर्थमध्ये हे काम हर्बर्ट स्किनर यांच्याकडे होतं. काचेच्या नळीत सिलिकॉनचा तुकडा, त्यावर टंगस्टनची तार. तार टेकवायची आणि नळीला बोटानं टिचक्या मारत राहायचं, चांगली जागा लागेपर्यंत. ओठात सिगारेट लोंबते आहे आणि स्किनर जगाचं भान विसरून टिचक्या मारताहेत, असं चित्र सहकाऱ्यांच्या आठवणींत सापडतं. जागा लागली की हलू द्यायची नाही, कारण हाच खडा उद्या विमानात बसून हादरे खाणार.

ऑगस्ट १९४० मध्ये या माळावरून दहा सेंटिमीटरवर विमानाचा प्रतिध्वनी मिळाला. लगेच एका तरुण सहकाऱ्याला पत्रा घेऊन सायकलवरून कड्याच्या बाजूनं पाठवलं. जमिनीलगतची वस्तू दिसणार नाही असा अंदाज होता. सायकलस्वार मात्र स्पष्ट दिसला. मी त्या कड्याशी बराच वेळ उभा होतो. शंभर मीटर खाली समुद्र, वर सोसाट्याचा वारा, आणि त्यात पत्रा धरून सायकल चालवणं म्हणजे काय असेल!

माझ्याजवळ १एन२३ प्रकारचा एक जुना डायोड होता, म्हणजे तोच खडा आणि तार डबीत बंद केलेली. चिनीमातीचं अंग, दोन्ही टोकांना पितळ, लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. भावानं तो तळहातावर घेतला.

"एवढासा? आणि यानं विमान दिसायचं?"

"दाखवायचं काम पडद्याचं रे. पण हा नसता तर पडद्यावर काही आलंच नसतं."

हे डायोड शिशाच्या पत्र्यात गुंडाळून येत. अंगावरची स्थितिक वीजसुद्धा त्यांना जाळायला पुरे. रडारमध्ये तर शेजारीच मॅग्नेट्रॉन किलोवॅटांत गर्जत असे. म्हणून स्पंद सुटताना खड्याची वाट बंद करणारी, वायू भरलेली खास नळी बसवावी लागली. युद्धातल्या रडारची अर्धी कहाणी या खड्याला जिवंत ठेवण्याची आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी अर्धी शुद्धतेची. एक खडा चांगला, दुसरा वाईट, हे कारखान्यात चालत नाही. सिलिकॉन शुद्ध करण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि ड्यूपाँट, सिलिकॉनसारख्याच जर्मेनियम या मूलद्रव्यासाठी पर्ड्यू विद्यापीठात लार्क-होरोविट्झ यांचा गट अशी माणसं कामाला लागली. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला तो अशाच जर्मेनियमवर, आणि त्यावरही टोकं टेकवलेलीच होती.

सेंट आल्डहेल्म्स हेडच्या टोकावरचं बाराव्या शतकातलं चौकोनी चॅपल (छोटं चर्च) ही पाहा; आत मधोमध एकच जाडजूड खांब आहे. परतताना लँगटन मॅट्रॅव्हर्सचं लीसन हाउस लागतं. १९४० च्या शरदात दहा सेंटिमीटरच्या लहरींवर काम करणारा गट तिथल्या तबेल्यांत हलला होता. आज तिथे शाळकरी मुलांचं अभ्यास केंद्र आहे, तेव्हा आत जायचं तर आधी विचारून जा. वाऱ्यासाठी जाकीट न्याच, आणि चहाची तहान गावात परतल्यावरच भागेल हे धरून चाला.