खालचा थर्मामीटर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आला आणि मी विचार न करता हो म्हणून टाकलं. आता लिहायला बसलोय तर शाळा राहिली बाजूला, सारख्या बाईच आठवतायत. विज्ञानाच्या बाई, कुठल्या ते आपल्या बॅचला सांगायला नको. बाकीच्या सरांनी, बाईंनी प्लीज रागावू नका.

दहावीला होपचं उपकरण होतं बघा. पाण्याने भरलेलं उंच नळकांडं, मध्यावर बाहेरून बर्फ आणि मीठ भरलेलं भांडं, एक थर्मामीटर वर, एक खाली. मला खालचा दिला होता. गार पाणी जड होऊन खाली येणार, म्हणजे खालचा पारा उतरत जाणार, एवढं मला पक्कं माहीत होतं. उतरलाही. 4 अंशांवर आला आणि तिथेच बसला. मी नखाने टकटक केलं, वाट बघितली, रिसेसची घंटा झाली, मग सरळ जर्नलमध्ये 3, 2, 1 लिहून मोकळा झालो. तेवढ्या वेळात वरचा पारा भराभर शून्याकडे गेला होता, तो मी बघितलाच नाही. बाईंनी आधी जर्नल बघितलं, मग थर्मामीटर, आणि एवढंच विचारलं, "हे वाचलंस की ठरवलंस?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मेणबत्तीचं मेण वितळवून वाटीत गार करायला ठेवलं. मधे खळगा पडला. बहुतेक द्रव असेच, गार होताना रेणूंची हालचाल मंदावते, ते जवळ सरकतात आणि आकसतात. मग पाण्याचं काय? तर म्हणाल्या, उठा सगळे. आधी आम्हाला कोपऱ्यात दाटीवाटीने उभं केलं, हे पाणी. मग प्रत्येकाने दोन हात दोन वेगवेगळ्या मुलांच्या खांद्यावर ठेवायचे, ताठ, कोपर वाकवायचं नाही, आणि आपल्या दोन खांद्यांवर दुसऱ्या दोघांचे हात घ्यायचे. हात म्हणजे हायड्रोजन, खांदे म्हणजे ऑक्सिजन, एकाला शेजारी बरोबर चार. गोंधळ विचारू नका, पण जमलं तेव्हा मधे मोठ्या पोकळ्या राहिल्या, सहा-सहा जणांची कडी तयार झाली आणि शेवटची दोन मुलं दाराबाहेर गेली! मुलं तेवढीच, जागा जास्त. 100 मिली पाण्याचा बर्फ साधारण 109 मिली भरतो तो ह्याच पोकळ्यांमुळे, आणि म्हणूनच तरंगतो.

माझा पारा का अडला तेही तिथेच कळलं. पाण्यातही हे हात धरणं-सोडणं सतत चालूच असतं. 4 अंशांपर्यंत आकसण्याची सरशी होते, त्याच्या खाली पोकळ रचनेची. त्यामुळे सगळ्यात जड पाणी 4 अंशांचं, ते तळाला जाऊन बसतं आणि त्याहून गार पाणी हलकं म्हणून वरच राहतं. बर्फ वरून धरतो तो त्यामुळेच. पाण्याच्या ह्या उलट्या वागण्याला पुस्तकात 'असंगत आचरण' म्हणतात, ते पाठ केलं की मार्क मिळायचे, पण बाईंना तो शब्द आवडत नसे. म्हणायच्या, पाणी नियमानेच वागतंय, आपण नियम अर्धा वाचलाय. (बिस्मथ आणि सिलिकॉनही गोठताना फुगतात हे मला फार उशिरा कळलं.)

आज मी तापमापक कॅलिब्रेट करायचंच काम करतो, हाताखाली सहा जण आहेत, त्यांना पहिल्या दिवशी बाईंचाच प्रश्न विचारतो. मागे शाळेत गेलो तेव्हा लॅबमध्ये मोठी स्क्रीन लागलेली दिसली, होपचा प्रयोग व्हिडिओवर, पारा दहा सेकंदांत खाली. छान आहे, स्वच्छ आहे. पण मला वाईट वाटलं. अडलेल्या पाऱ्याकडे रिसेस बुडवून बघत बसायला आता कोणाला लागतच नाही.

ते जर्नल अजून आहे माझ्याकडे. 3, 2, 1 वर एक आडवी रेघ आणि शेजारी बाईंच्या लाल पेनने 4, 4, 4.